चादरीची घडी घालताना चालायचं कोणी

तीर्थरूप मावशीच्या दोन्ही पायांना (त्यातल्या सुजलेल्या डाव्या गुडघ्याला जरा लांबूनच) मनापासून नमस्कार.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तू माझा फोन घेत नाहीस. आठ महिने झाले. मी दर रविवारी फोन करतो, काका उचलतात आणि ती झोपली आहे म्हणून सांगतात. त्यांच्या मागून तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो, "झोपली आहे म्हणून सांगा." काका बिचारे खोटं बोलताना अडखळतात, म्हणून आता त्यांना त्रास न देता थेट लिहितोय. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की डॉक्टरांनाच व्यायाम सांगून आलीस? काकांचा खोकला बरा असेल अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे बायको, दोन्ही मुली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ. लॉन्ड्रीचं मात्र तसं म्हणता येणार नाही, आणि ते सांगायचं तर सुरुवात माझ्या तोंडापासून करावी लागेल.

घडीच्या हॉलची मुकादम म्हणून सत्तावीस वर्षं काढून तू निवृत्त झालीस, त्या दिवशी मी भाषण केलं. त्यात "आता शिट्टीचं युग संपलं" असं एक वाक्य होतं. वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं (आदल्या दिवशी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं). दोन टाळ्या पडल्या, त्या दोन्ही मालकांच्या जावईबापूंच्या. तू गळ्यातली शिट्टी काढून पर्समध्ये टाकलीस, केकला हात न लावता निघालीस, आणि दुसऱ्या दिवशी तुझी खुर्ची मला मिळाली. खुर्ची टणक आहे हे तू सांगितलं नव्हतंस. आणखीही बरंच काही सांगितलं नव्हतंस, पण त्याकडे मी येतो. तू गेल्यावर हॉलमध्ये अकरा जणी उरल्या. अकरा म्हणजे पाच जोड्या आणि एक शिल्लक. शिल्लक राहिली ती तुझी जोडीदार, आपली फूटपट्टी, जिच्या घडीची कड बघून सुताराने लाकूड कापावं. चादरीचं एक टोक धरून ती बिचारी दुसऱ्या टोकाकडे बघत बसायची.

अशात जावईबापू तीन आठवड्यांचं नेतृत्वाचं शिबिर करून परत आले. (गेले तेव्हा माणूस बरा होता.) त्यांनी आम्हा तिन्ही मुकादमांना ऑफिसात बसवलं. धुलाईचा भोंगा, इस्त्रीचा निवांत आणि मी. फळ्यावर आधी एक सरळ त्रिकोण काढला, मग एक उलटा. सरळ त्रिकोणात साहेब वर टोकावर बसतो आणि हुकूम खाली सोडतो, हे हुकमी नेतृत्व. दुसरा प्रकार असा की साहेबाने त्रिकोणातून उठून बाजूला व्हायचं आणि लोकांना त्यांचं ते करू द्यायचं, हे मुक्त नेतृत्व. आणि उलट्या त्रिकोणात साहेब सगळ्यांच्या खाली, लोकांना काय हवं नको ते बघणार, त्यांची सेवा करणार. तो सेवक-नेता. भोंग्याने विचारलं की टोकावर उभा केलेला त्रिकोण कलंडत नाही का, तेव्हा जावईबापू म्हणाले की प्रश्न छान आहे. यांतला कुठला प्रकार उत्तम हे शास्त्रीय पद्धतीने ठरवायचं होतं. शास्त्रीय पद्धत म्हणजे चिठ्ठ्या. साबणाच्या पावडरीच्या मापात तीन चिठ्ठ्या टाकल्या. हुकमी नेतृत्व भोंग्याला गेलं, म्हणजे माशाला पोहायला लावल्यासारखं झालं. मुक्त नेतृत्व निवांतला मिळालं, आणि अकरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. सेवा माझ्या नशिबी आली.

इथवर गंमत होती. मग मालक आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले की मोठ्या हॉस्पिटलचा करार महिनाअखेर संपतोय, मेट्रनबाई तपासणीला येतील, त्यांचं समाधान झालं नाही तर घडीयंत्र आणायचं. यंत्राचा रंगीत कागद त्यांच्या हातातच होता. ते तासाला सहाशे चादरींच्या घड्या घालतं, आणि चालवायला दोन माणसं लागतात. अकरातून दोन गेले की किती राहतात हे मी कागदावर करून पाहिलं, दोनदा. दर वेळी नऊच आल्या. त्या नऊ जणींत कोण असणार हे तुला मला सांगायला नको. यंत्र शिकायला तरुण पोरी घेतील, आणि फूटपट्टीचं वय छप्पन्न आहे.

तर मी सेवेला लागलो. पहिल्या दिवशी हॉलच्या दारात उभा राहून येईल तिला विचारलं, "मी तुमच्यासाठी काय करू?" पहिलीने पिशवी खाली ठेवली आणि कोण गेलं म्हणून विचारलं. दुसरीने मला काढताय का, असं विचारलं. तिसरी काही न विचारता रडायलाच लागली. दहा वाजेपर्यंत हॉलभर झालं की मला काहीतरी मोठं दुखणं निघालंय, डॉक्टरांनी थोडे दिवस दिलेत, आणि मी जाता जाता पुण्य गोळा करतोय. दुपारी भोंगा स्वतः येऊन मला दिलेली छत्री परत घेऊन गेला (नंतर कुठे शोधत बसणार, म्हणून). मी सगळ्यांना उलटा त्रिकोण काढून दाखवला. त्यावर फूटपट्टी एवढंच म्हणाली की बरं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचा विश्वास बसला, आणि मावशी, बोट दिल्यावर हात धरतात ही म्हण ज्याने काढली त्याला फार सभ्य माणसं भेटली असावीत. मी पाण्याच्या बाटल्या भरल्या. चष्म्याची दांडी बसवून आणली. एकीच्या मुलाचा निबंध लिहिला (त्याला त्यात दहापैकी चार मिळाले, म्हणून ती दोन दिवस बोलली नाही). एकीने लोकरीची लड सोडवायला दिली. चहावाल्या बाईंनी तर मालकांकडे तक्रार केली की हा माझं काम काढून घेतोय. कडेलोट झाला तो गेल्या सोमवारी. फूटपट्टीच्या घरी नळ गळत होता आणि प्लंबर सकाळी येणार होता, पण घरी दार उघडायला तिच्या सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं आणि त्यांना ऐकू येत नाही. म्हणून सेवक-नेता तिच्या घरी जाऊन बसला. सासूबाईंनी माझ्याकडून आठ सुया ओवून घेतल्या, गादी उलटी करून घेतली, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून घेतला (तोही दोनदा, कारण ऐकू येत नाही), आणि मी कोण हे शेवटपर्यंत विचारलं नाही. प्लंबर आला नाही. नेतृत्व कुठल्याही प्रकारचं असो, प्लंबर येत नाही. इकडे जावईबापू हॉलमध्ये डोकावले, मी कुठे आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांनी फळ्यावर माझ्या नावापुढे एक चांदणी काढली.

आता खरा गुन्हा सांगतो. तू रोज सकाळी शिट्टी वाजवून, प्रत्येक जोडीत आज खांब कोण आणि चालणार कोण ते ओरडून सांगायचीस. एकीने आपलं टोक धरून जागच्या जागी उभं राहायचं, दुसरीने चालत येऊन कोपरे तिच्या हातात द्यायचे, वाकून घडी उचलायची, मागे जायचं, परत यायचं. आणि जिला खांब करायचीस तिची काय शोभा करायचीस! "हात बघ कसे चालतायत, चालायची लायकी नाही तुझी, उभी राहा खांबासारखी!" सगळ्या हॉलसमोर. मला ते शाळेत बाकावर उभं करण्यासारखं वाटायचं. मलाही तू केलंस ना. आई गेली त्या वर्षी मी बाविसाव्या वर्षी तुझ्या हाताखाली लागलो, तेव्हा सलग चार महिने तू मला खांब केलंस, ठोकळा म्हणालीस, दगड म्हणालीस. सख्ख्या बहिणीचा मुलगा असून. तो राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. सेवक-नेता झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर खांब रद्द केले. आता शिक्षा नाही, सगळ्या समान, दोघींनीही चालायचं आणि मध्ये भेटायचं.

मध्ये भेटल्यावर काय होतं हे शिबिरात शिकवत नाहीत. दोघींच्याही दोन्ही हातांत कोपरे, मग कोणी कोणाला द्यायचे? पूर्वी प्रश्नच नव्हता. आता एक म्हणते घ्या, दुसरी म्हणते छे छे, तुम्हीच घ्या, मोठ्या आहात. मी सगळ्यांना सेवाभाव शिकवून ठेवला होता, त्यामुळे कोणीच घेईना. वाकताना तर दोघी एकदम वाकायच्या आणि डोक्यावर डोकं आपटायचं. दिवसाला चोवीसशे होणाऱ्या चादरी नऊशेवर आल्या, आणि त्या नऊशेंतही घडी उलटी पडायला लागली. म्हणजे कोपऱ्यावरचा वॉर्डाचा निळा शिक्का आणि काठाची नक्षी आत गेली, वरून सगळं पांढरंशुभ्र. ड्रायव्हर गठ्ठे शिक्का बघून लावतो. शिक्काच दिसेना, तेव्हा त्याने अंदाजाने लावले. मुलांच्या वॉर्डाच्या चादरी, ज्यांच्या काठावर ससे आहेत, त्या खासगी खोल्यांत गेल्या. तिथे एक निवृत्त न्यायाधीश पोटाचं ऑपरेशन होऊन पडले होते. त्यांनी तक्रार केली नाही (उलट दुसऱ्या दिवशी ससेच पाहिजेत म्हणाले), पण मुलांच्या वॉर्डात सशांसाठी जी रडारड सुरू झाली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात. मेट्रनबाईंनी महिनाअखेरची वाट पाहिली नाही. त्या काल बुधवारीच आल्या.

तुला वाटेल की बाकीच्या दोघांनी तरी लाज राखली असेल. धुलाईत भोंग्याने पहिल्याच दिवशी हुकूम सोडला होता की मी बोलल्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही. मग तीन आठवडे ओरडून ओरडून नेमका काल त्याचा घसा बसला. तो हातवारे करत राहिला, पण हुकूम बोलण्याचा होता, हातवाऱ्यांचा नव्हता, आणि हुकमी नेतृत्वात आपलं डोकं चालवायला बंदी असते. गरम पाण्यात तीन तास फिरून लोकरीची ब्लँकेटं बाहेर आली ती पायपुसण्याच्या मापाची. इस्त्रीत निवांतने लोकांना पूर्ण मोकळीक दिली होती, त्यामुळे तिथे बैठक चालू होती. बहुमताने असं ठरलं होतं की उशीचे अभ्रे इस्त्री करण्यात अर्थ नाही, डोकं ठेवलं की ते चुरगळतातच. (मावशी, यात चूक काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.) मेट्रनबाईंनी एक पायपुसणं, एक चुरगळलेला अभ्रा आणि एक शिक्का आत गेलेली आंधळी घडी उचलली, मालकांच्या टेबलावर ओळीने मांडली, आणि सोमवारी परत येते म्हणाल्या. जावईबापूंनी वहीत लिहून घेतलं की तिन्ही प्रकारांचे निष्कर्ष बोलके आहेत.

त्या गेल्यावर मी हॉलमध्ये चादरींच्या ढिगावर बसलो. फूटपट्टी आली आणि शेजारी बसली. मी म्हणालो, मी तुमची शिक्षा काढली, तुमच्यासाठी नळाशी बसलो, तरी हे असं कसं झालं? त्यावर ती म्हणाली,

"शिक्षा? अरे बाबा, धाकटी पोटात होती तेव्हा तुझ्या मावशीनं मला पाच महिने रोज शिव्या घातल्या. पाच महिने मी एक पाऊल टाकलं नाही."

मी म्हणालो, मग सरळ सांगायचं ना, की बाई, आराम कर.

"सरळ सांगितलं असतं तर बाकीच्या म्हणाल्या असत्या, हिचेच लाड का? आणि मी तरी ऐकलं असतं? शिव्या खाणाऱ्या बाईचा कोणी हेवा करत नाही. सकाळी दारात उभी राहून ती प्रत्येकीची चाल बघायची. कोणाचे पाय सुजलेत, कोण रात्रभर जागलंय, कोण घरून रडून आलंय. मग शिट्टी वाजवायची आणि तिला झोडपायची."

मग मी तुझ्याबद्दल विचारलं, मावशी कधी खांब झाली? फूटपट्टी म्हणाली की मुकादमाला शिव्या घालणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ती सत्तावीस वर्षं चाललीच. मी मोजलं. चारशे चादरी, दिवसाला तीनेक किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस. चोवीस हजार किलोमीटर होतात. अर्ध्या पृथ्वीहून जास्त, एका हॉलच्या आत, हातात चादर धरून. आणि मी घरोघर सांगत फिरायचो की मावशीचा गुडघा वजनाने गेला.

मग ते चार महिने आठवले. आई गेल्यावर मला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, उभ्याउभ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी खांब होतो म्हणून कोणाला ते कळलं नाही. मला वाटायचं तू मला शिक्षा करतेस, आणि माझ्या समोर चादर घेऊन चालत येणारी, वाकणारी, परत जाणारी तूच होतीस. तुझीही बहीणच गेली होती. तुला कोणी उभं केलं नाही. मावशी, माझं चुकलं. शिट्टीचं ते वाक्य मी परत घेतो, त्या दोन टाळ्यांसकट. हे फोनवर बोलायचं होतं, पण काकांना सांगण्यासारखं नव्हतं.

तुझा प्रकार कुठला, हे आज जावईबापूंना विचारलं. त्यांनी त्रिकोण सरळ काढला, उलटा काढला, आडवा काढला, मग सगळाच पुसला आणि हात झटकत म्हणाले की हा विषय शिबिरात नव्हता. असो. वयाने मोठी आहेस, म्हणून रागवायचा हक्क तुझा. लहान आहे, म्हणून क्षमा मागायचा माझा. काकांना नमस्कार, शेजारच्या मांजराला (अजून असेल तर) आशीर्वाद.

तुझा,
ठोकळा

ता. क. हे सगळं लिहिलं ते नुसतं क्षमा मागायला, असं समजू नकोस. एक छोटं काम आहे. आजपासून मी खांब पुन्हा सुरू केलेत, पण मला बोलणी घालता येत नाहीत. सकाळी एकीचे पाय सुजलेले दिसले, तेव्हा मी तिला म्हणालो की कृपया गैरसमज नसावा, पण आज आपली चालण्याची लायकी नाही असं मला वाटतं. ती घरी निघून गेली. तर तुझी ठेवणीतली सात-आठ वाक्यं लिहून पाठव. कुठल्या दुखण्याला कुठली, तेही लिही. शिट्टीही पाठव.

ता. क. दुसरा. नकोच पाठवू. फूटपट्टीने पत्र वाचलं (मागून डोकावून) आणि म्हणाली की वाक्यं लिहून येत नसतात. सोमवारी मेट्रनबाई दहाला येणार. आदल्या दिवशी सुट्टी, म्हणजे तालीम करायला दोनच दिवस, आणि जोड्या अजून साडेपाचच आहेत. ज्या नऊ जणी जायच्या आहेत त्यांच्या तोंडाकडे मला बघवत नाही. तू स्वतः यायला हवंस. हे पत्र घेऊन येणारा ड्रायव्हर उत्तर घेतल्याशिवाय दारातून हलणार नाही. त्याला चहा देऊ नकोस, तो मुक्त नेतृत्वातला आहे, तिथेच राहील.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. गुडघा वाकत नाही, चालवत नाही, मी येऊन काय करू? तर ऐक. सत्तावीस वर्षांत तुला कोणी हे म्हटलं नाही, ते मी सगळ्या हॉलसमोर म्हणतोय, आणि दहा साक्षीदार आहेत (अकरावी सकाळीच घरी गेली). पाय बघ स्वतःचे. चालायची लायकी नाही तुझी. उद्या सकाळी आठला ये आणि खांबासारखी उभी राहा. मागे उंच स्टूल ठेवलंय, खांबाने त्यावर टेकायचं असतं. चादरीचं दुसरं टोक मी धरलंय, चालायचं मी बघतो.